हाकेला ओ

धाकट्याला इंटरफेस कळला तेव्हा तो दात घासत होता.

कळला म्हणजे कसा, तर तोंडात ब्रश, हनुवटीवरून फेस ओघळतोय आणि हा तसाच बाथरूममधून थेट स्वयंपाकघरात. हातवारे करून जीव तोडून काहीतरी सांगतोय. वहिनीने वळूनही बघितलं नाही. "भाऊजी, आधी चूळ भरून या," एवढंच म्हणाली.

तो चूळ भरून आला. "वहिनी, कळलं!"

"काय?"

"इंटरफेस!"

"बरं झालं," वहिनी म्हणाली आणि भांडी विसळायला लागली.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं नाचण्यासारखं काय? पण ज्याने कुणी न शिकवता, नुसते व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकायचा घाट घातलाय, त्यालाच यातली गंमत कळेल. इंटरफेसवरचा कुठलाही व्हिडिओ लावा, त्यात एक दाढीवाला माणूस येतो आणि म्हणतो, इंटरफेस म्हणजे करार. मग एक कुत्रा दाखवतो. कुत्रा भुंकतो. मग मांजर दाखवतो. मांजर म्याव करतं. म्हणजे दोघंही आवाज काढतात, समजलं? समजलं. एवढं धाकट्याला बालवाडीतच समजलं होतं. पण मग पुढे काय? पुढे दाढीवाला म्हणायचा, आवडला असेल तर लाइक करा.

आणि यावेळी कळणं भागच होतं. धाकट्याने एका कंपनीला अर्ज पाठवताना, उत्साहाच्या भरात, "माझा प्रोग्राम अख्खं घर चालवतो, खोटं वाटलं तर घरी येऊन बघा" असं ठोकून दिलं होतं. असल्या अर्जांना उत्तरं येत नाहीत हा त्याचा अनुभव. याला आलं. कंपनीच्या मॅडमनी लिहिलं होतं, शनिवारी सकाळी त्याच बाजूला काम आहे, येऊन बघते. इंटरफेस कसा वापरलाय तेवढं समजावून सांगायची तयारी ठेवा. आणि घर चालवणारा प्रोग्राम तेव्हा एक दिवासुद्धा चालवत नव्हता.

हे जमलं नाही तर मामा होताच. मामाचं नळ, बेसिन आणि कमोडचं मोठं दुकान. मामा वाईट नव्हता हो. उलट फार प्रेमाने म्हणाला होता, "पुढच्या महिन्यापासून ये, कमोडचा सगळा विभाग तुझाच." घरात सगळ्यांना ते पटलं होतं. धाकट्यालाही रात्री कधीकधी पटायचं, आणि तेव्हाच त्याला फार भीती वाटायची.

"वहिनी, तुम्ही ऐका तर," तो म्हणाला. "खालचे साहेब आपले कोण लागतात?"

"कोणी नाही."

"तरी आपण त्यांना काका म्हणतो ना? पेपरवाल्यांना काका. वॉचमनलाही काका. आता 'काका' असा माणूस कुठे असतो का? नसतो! काका ही नुसती जागा आहे. त्या जागेवर जो बसेल त्याने एकच कबूल करायचं, हाक मारली की ओ द्यायची. कशी द्यायची ते ज्याचं त्याने बघावं. साहेब खेकसून ओ देतात, वॉचमन झोपेतून देतो. मला काय त्याचं? मी 'काका' म्हणणार, समोरून ओ येणार. हाच इंटरफेस!"

वहिनीने पहिल्यांदाच नळ बंद केला. "म्हणजे मी यांना हाक मारते आणि हे ओ देतात पण उठत नाहीत, ते काय?"

हे म्हणजे दादा, धाकट्याचा मोठा भाऊ. धाकटा घाईत होता. त्याने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. तेव्हाच लक्ष दिलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती, पण मग लिहायला काय उरलं असतं?

त्याच दिवशी त्याने सुरुवात केली. इलेक्ट्रिशियनकडून छोट्या पांढऱ्या डब्या बसवून घेतल्या. भिंतीतलं बटण आणि वायर यांच्या मधे ही डबी बसते आणि वायफायवरून लॅपटॉपचं ऐकते. मग धाकट्याने 'यंत्र' नावाचा इंटरफेस लिहिला. त्यात दोनच वचनं. चालू हो. बंद हो. बस. मग ती वचनं ज्याने त्याने कशी पाळायची ते सांगणारा एकेक तुकडा, त्याला म्हणतात क्लास. दिव्याचा क्लास, पंख्याचा क्लास, गीझरचा क्लास. आईने विचारलं काय करतोयस, तो म्हणाला क्लास लिहितोय. आई म्हणाली, "अरे, क्लास लिहायचा नसतो, लावायचा असतो. वेळेवर लावला असतास तर आज..." असं बरंच.

दुपारी त्याने पहिल्यांदा बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, आणि बाथरूममधून गीझरने टिक केलं. लॅपटॉपला यातलं कोण दिवा आणि कोण पंखा याचा पत्ता नव्हता! तो फक्त म्हणाला, जे कोणी यंत्र असाल ते चालू व्हा, आणि सगळे झाले. धाकटा खोलीत एकटाच उडी मारून ओरडला. खालून साहेबांनी छताला काठीने ठोकलं. ती त्यांची ओ.

आता खरं तर इथेच थांबायचं. पण आपल्या लोकांत एक गुण आहे. कुणी काही नवीन केलं की त्यात आपला एक खिळा ठोकल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिला खिळा आईचा. तिने गीझर आपोआप लागलेला बघितला आणि तिचा जीव कळवळला. "दिवसभर राबवशील रे त्यांना. माणसाला दम लागतो, यंत्राला लागत नाही का? मधून मधून जरा विश्रांती दे." आईला नाही कसं म्हणणार? धाकट्याने 'यंत्र' मध्ये तिसरं वचन घातलं: विश्रांती घे.

आणि स्क्रीनभर लाल रेघा उमटल्या.

कारण इंटरफेस म्हणजे काय? वचन. त्यात एक वचन वाढवलं की ज्या ज्या क्लासने 'मी यंत्र आहे' अशी छाती ठोकली आहे, त्या सगळ्यांनी ते पाळलं पाहिजे. दिव्याने विश्रांती कशी घ्यायची ते लिही. पंख्याने कशी घ्यायची ते लिही. लिहिलं नाहीस तर लाल रेघ, आणि प्रोग्राम जागचा हलणार नाही. आता गीझरची विश्रांती समजू शकतो. पण दिव्याने विश्रांती घ्यायची म्हणजे काय करायचं? बंद व्हायचं? त्यासाठी 'बंद हो' होतंच की! धाकटा डोकं धरून बसला.

तेवढ्यात दादा ऑफिसातून आला. पायातले मोजे काढता काढता म्हणाला, "हे लाल काय आहे?"

"यांनी जे कबूल केलंय ते लिहायचं राहिलंय, म्हणून कॉम्प्युटर ओरडतोय."

"मग हो म्हणून टाक."

"अरे, पण करायचं काय?"

"करायचं काही नाही. नुसतं हो म्हणायचं. ओरडणं थांबतं." आणि दादाने आवाज चढवून आत सांगितलं, "हो, बघतो!" आतून वहिनीने तोवर काही विचारलंही नव्हतं. तो 'हो' सवयीने आधीच देऊन ठेवायचा.

सांगायला नको, दादाचा संसार याच तत्त्वावर सुखाचा झाला होता. साबण आणा, हो. गॅसवाल्याला फोन करा, हो. धाकट्याने करून बघितलं. 'विश्रांती घे'च्या पुढे दोन कंस, आत काही नाही. मोकळं मैदान. लाल रेघ गायब! पंख्याला तेच. गीझरलाही तेच, म्हटलं नंतर बघू. स्क्रीन स्वच्छ. प्रोग्राम चालू. कॉम्प्युटरला वचन पाळल्याशी मतलब नव्हता, वचनाच्या पुढे काहीतरी लिहिलंय एवढ्याशी होता. धाकट्याला वाटलं, काय सोपं आहे हो हे!

दुसरा खिळा साहेबांचा. साहेब म्हणजे तळमजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले. छताला काठी मारून समाधान झालं नाही म्हणून ते जातीने वर आले, काय चाललंय ते सगळं बघितलं, आणि नाखुशीने खुश झाले. "चांगलं आहे. पण शिस्त नाही. आमच्या बँकेत साधी खिडकी बंद करायची तरी आधी पाटी लागायची. तुझं यंत्र एकदम चालू होतं, माणूस दचकतो. आधी सांगायला नको?"

"हो, काका," धाकटा म्हणाला आणि चौथं वचन घातलं: आधी सांग. लाल रेघा. मोकळे कंस. रेघा गायब. साहेबांना दाखवलं, "बघा, आलं." साहेबांनी चष्मा लावून, कंसाकडे बघून मान डोलावली. "हं. आता कसं व्यवस्थित वाटतं."

तोवर बातमी जिनाभर झाली होती. सेक्रेटरी आले. सेक्रेटरी म्हणजे बिल्डिंगच्या कमिटीचे. त्यांचं पाऊल कुणाच्या दारात पडलं की घरातली माणसं आपण काय चूक केली ते आठवायला लागतात.

"वायरिंगला हात लावलास. परवानगी घेतलीस?"

"कोणाची?"

"कमिटीची."

कमिटीत तीन माणसं होती. एक सेक्रेटरी, दुसरे साहेब, आणि तिसरे बिल्डिंग सोडून गेले होते पण राजीनामा द्यायचं विसरले होते. त्यामुळे सभा बोलावता येत होती, भरवता येत नव्हती. धाकट्याच्या डोळ्यांपुढे पांढऱ्याशुभ्र कमोडची रांग उभी राहिली. तो म्हणाला, "शनिवारी बघायला माणसं येणार आहेत हो, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे." सेक्रेटरींनी गच्चीकडे नजर लावून बराच वेळ विचार केला. "बरं. माझ्या अधिकारात देतो. पण मग बिल्डिंगचा पंप आणि गेट पण घे त्यात. नाहीतर लोक म्हणतील, सेक्रेटरीने एकाच घराचं भलं केलं."

पंप! गेट! धाकटा हरखला. पंखा कोण बघतो? गेट आपोआप उघडलं की मॅडम तिथेच चाट! इलेक्ट्रिशियनने पंपाला आणि गेटच्या मोटरला डब्या बसवल्या. टाकी भरली की कळवणारा तरंगता गोळा तेवढा बसवायचा राहिला. तो प्लंबरचा. प्लंबरला विचारलं, उद्या नक्की? प्लंबर म्हणाला, हो.

शनिवार उजाडला. प्लंबर नव्हता. त्याच्याऐवजी सेक्रेटरी होते.

"एकच छोटी सुधारणा," दारातूनच म्हणाले. "यंत्राला 'झालं का?' विचारलं की त्याने सांगितलं पाहिजे, झालं की नाही. झालेलं असेल तर परत करायचं नाही, वीज फुकट जाते. आणि झालेलं नसेल तर अर्धवट टाकून बंद व्हायचं नाही. पंप असो, गेट असो. नियम सगळ्यांना सारखा."

"सेक्रेटरी, आज नको ना. मॅडम येतील आत्ता."

"मग परवानगीचं बघावं लागेल."

"हो, करतो," धाकटा म्हणाला.

पाचवं वचन. झालं का? यावेळी नुसते मोकळे कंस चालेनात, कारण प्रश्नाला उत्तर लागतं, हो किंवा नाही. मग काय, लाल रेघ दिसली की हो. दिवा, हो. पंखा, हो. गीझर, हो. गेट, हो. पंपापाशी मात्र त्याचा हात थांबला. हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. गोळा बसलेला नाही, पंपाला टाकीतलं कळणार कसं? हो लिहिलं तर पंपाला वाटेल टाकी भरलेलीच आहे, तो सुरूच होणार नाही, आणि सेक्रेटरींना तर पंप चालताना बघायचाय. म्हणून तिथे लिहिलं, नाही. गोळा बसला की बदलू. शेवटची लाल रेघ मिटली. स्क्रीन आरशासारखी! धाकट्याने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. तयार!

खाली गाडी थांबली.

मॅडम उतरल्या. साध्या, पाठीला पिशवी, चेहऱ्यावर आपण फार काही अपेक्षा ठेवून आलो नाही असं नम्र हसू. धाकटा लॅपटॉप घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. शेजारी आई, मागे दादा आणि वहिनी, कडेला साहेब. सेक्रेटरी पंपाचं उद्घाटन जवळून बघायला गच्चीवर टाकीपाशी गेले होते. जाताना त्यांनी मीटरच्या खोलीला कुलूप घातलं, कारण शिस्त. मीटरच्या खोलीची किल्ली आणि गेट हाताने उघडायची किल्ली एकाच जुडग्यात, आणि जुडगा त्यांच्या खिशात.

"नमस्कार!" धाकटा गेटच्या गजांतून म्हणाला. "आता बघा हं. गेट मी उघडणार नाही. प्रोग्राम उघडेल. आणि तिकडे पंपही चालू होईल, एकाच हाकेत!"

त्याने बटण दाबलं.

पंप घुर्र करून सुरू झाला. गच्चीवरून सेक्रेटरींच्या टाळ्या ऐकू आल्या. आणि स्क्रीनवर आलं, गेट: झालं.

गेट जसंच्या तसं.

त्याने पुन्हा दाबलं. गेट: झालं. पुन्हा. गेट: झालं. गेट इतक्या ठामपणे सांगत होतं की साहेबांनी पुढे होऊन गज हलवून बघितले, न जाणो उघडलंही असेल.

"झालं म्हणतंय," मॅडम पलीकडून म्हणाल्या.

"हो, म्हणजे... जरा नेटवर्क..."

तेवढ्यात वरून आवाज आला, "अरे, पुरे! भरली टाकी! बंद कर!" टाकी आधीच जवळजवळ भरलेली होती, उद्घाटनाला कमी पडू नये म्हणून सेक्रेटरींनीच सकाळी भरून ठेवली होती. धाकट्याने पंप बंदचं बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, पंप: काम झालेलं नाही, बंद होता येत नाही.

"अरे, बंद कर!"

पंप: काम झालेलं नाही.

आणि मग पाणी आलं. आधी एक धार, मग गच्चीच्या कठड्यावरून सबंध पडदाच. खाली साहेबांच्या खिडकीबाहेर, उन्हात टाकलेली त्यांची गादी होती. कापसाची, जाडजूड, त्यांच्या पाठदुखीसाठी खास भरून घेतलेली. पडदा नेमका तिच्यावर.

"माझी गादी!" साहेब ओरडले. पण धावले मात्र नाहीत, कारण धावायचं तर पाण्यात जावं लागलं असतं.

"लॅपटॉप बंद कर!" दादा म्हणाला.

"बंद केला तर डब्या आहेत तशाच राहतील!"

"मेन स्विच!" वहिनी.

"मीटरच्या खोलीत! कुलूप आहे!"

"सेक्रेटरी, किल्ली टाका!" सगळे एका सुरात.

सेक्रेटरी कठड्यावरून वाकले. नखशिखांत भिजलेले, पण अधिकार शाबूत. "झेला!" म्हणून त्यांनी जुडगा फेकला. दादा हात पसरून पुढे सरसावला. जुडगा ऐटीत वळला आणि जिन्याच्या उंच खिडकीवरच्या सज्ज्यावर जाऊन पडला. तिथे शिडीशिवाय कोणी पोचत नाही. शिडी कुठे? मीटरच्या खोलीत.

हे सगळं मॅडम गजांतून शांतपणे बघत होत्या. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर निघून गेलं असतं. त्या गेल्या नाहीत. पिशवीतून छत्री काढली, उघडली, आणि विचारलं, "तोवर सांगता का? इंटरफेस म्हणजे काय?"

म्हणजे मुलाखत सुरू झाली होती! एक पक्ष रस्त्यावर, एक पायरीवर, मधे लोखंडी गेट. धाकट्याचे कान तापले. त्याने घडाघडा म्हणून टाकलं, "इंटरफेस म्हणजे वचन. हाक मारली की ओ द्यायची. कशी द्यायची ते ज्याचं त्याने..."

"पण तुमचं गेट ओ देतंय की," मॅडम म्हणाल्या. "उघडत नाही फक्त."

धाकट्याने एकदा गेटकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे. मागून वहिनी हळूच म्हणाली, "हेच मी तुम्हाला विचारत होते त्या दिवशी." आणि तिने दादाकडे असं बघितलं की दादा एक पायरी वर सरकला.

आणि धाकट्याला कळलं. दात घासताना कळलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, पोटातून, गुदगुल्या झाल्यासारखं! गेट खोटं बोलत नव्हतं. ते वचन त्यानेच त्याच्या गळ्यात मारलं होतं आणि उत्तरही त्यानेच तोंडात कोंबलं होतं. 'झालं का?' 'हो.' मग झालेलं कशाला परत करा? गेट तिथेच थांबणार. पंपाला म्हणायला लावलं 'नाही', तो मरेपर्यंत पाणी चढवणार. दोघंही नियमाने वागत होते. त्या बिचाऱ्यांना न येणारी गोष्ट कबूल करायला लावणारा नालायक पायरीवर बसला होता.

"कळलं!" तो ओरडला.

"काय कळलं ते नंतर सांग, पंप बंद कर!" साहेब.

"आधी गेट उघड रे, त्या उभ्या आहेत कधीच्या!" आई.

"मी इथे आहे, हे कोणाच्या लक्षात आहे का?" गच्चीवरून सेक्रेटरी.

धाकट्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याने 'यंत्र' उघडलं आणि 'झालं का?' खोडून टाकलं. 'आधी सांग' खोडलं. साहेब पाठीमागून बघत होते, म्हणाले, "अरे, ते माझं..." तोवर ते गेलंही होतं. 'विश्रांती घे' खोडलं. राहिली दोनच वचनं, चालू हो, बंद हो, कारण खऱ्या अर्थाने सगळ्यांना तेवढंच जमत होतं. ज्याला खरोखर झालंय की नाही ते सांगता येईल त्याच्यासाठी वेगळा, छोटा इंटरफेस करायचा. आज तसं कोणीच नव्हतं, म्हणून आज कोणालाच नाही.

स्क्रीन लालेलाल झाली. जिथे जिथे त्याने खोटं 'हो' लिहिलं होतं, जिथे जिथे त्या 'हो'वर विसंबून पुढचं काही लिहिलं होतं, तिथे तिथे रेघ. याआधी लाल रेघ दिसली की त्याला धडकी भरायची. आज तो एकेका रेघेवर तुटून पडला. हे बघ, इथे खोटं! खोड. हेही खोटं! खोड. बोटं कीबोर्डवर नाचत होती, कपाळावरून पाणी गळत होतं, त्यातलं किती घामाचं आणि किती टाकीचं ते देवाला माहीत.

शेवटची रेघ गेली. पंपाला 'बंद हो', गेटला 'चालू हो' असं सांगून त्याने बटण दाबलं.

पंप घुर्र करत करत, नाक ओढल्यासारखा आवाज करून थांबला. पाण्याचा पडदा विरला. आणि गेट, ते इतका वेळ अडून बसलेलं गेट, कुरकुरत, सावकाश, पूर्ण उघडलं.

गच्चीवरून उरलेलं पाणी गळत राहिलं. नुसतं टपटप.

मॅडम छत्री मिटून आत आल्या, डबकं ओलांडून पायरीपाशी थांबल्या, आणि लॅपटॉपवर वाकून त्याने खोडलेलं सगळं बघितलं. बराच वेळ. मग विचारलं, "डेटाबेस येतो?"

"थोडा. रोज लागतं तेवढा."

"मोबाइलचं ॲप करता येतं?"

धाकट्याच्या जिभेच्या टोकावर ते आलं. मॅडमच्या मागे उभा राहून दादा ओठांनी सांगतही होता, हो म्हण, हो म्हण, मान हलवून हलवून. आईने पदर घट्ट धरला होता. नोकरी अशी हातभर अंतरावर.

"नाही," धाकटा म्हणाला. "ते नाही येत."

दादाने कपाळावर हात मारला.

"शिकेन," धाकटा म्हणाला, "पण आज येत नाही. आज येतं म्हटलं तर तुमचंही गेट असंच होईल."

मॅडम हसल्या. यावेळी नम्र नाही, खरंखुरं. "आमच्याकडे याआधी एक हुशार माणूस होता. त्याने सगळीकडे हो लिहून ठेवलंय. कुठे कुठे, ते अजून सापडतंय आम्हाला. आठवड्यातून एकदा तरी कुठेतरी पाणी वाहतंच. ते सगळे हो हुडकून काढायला माणूस हवाय. ओळखू येतील तुम्हाला?"

"ओळखू?" धाकटा उठून उभाच राहिला. "मॅडम, मला वासावरून कळतील!"

"मग सोमवारपासून या."

त्या गेल्या. गेट त्यांच्यामागे आपोआप बंद झालं आणि त्याबद्दल एक शब्दही बोललं नाही. आई रडतेय की हसतेय ते कळत नव्हतं. "मामाला कळवते, मामाला कळवते" म्हणत ती फोन हातात असून फोन शोधत होती. वहिनी दादाला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी विचारत होती, आणि दादा पहिल्यांदाच उत्तर देण्यापूर्वी विचार करताना दिसत होता.

"ते सगळं ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण माझ्या गादीचं काय?"

सगळ्यांनी गादीकडे पाहिलं. भिजून तिचा हत्ती झाला होता. दोघांनी धरून उचलली तरच उचलली जाईल अशी. पण धाकट्याला दुसऱ्या माणसाची वाट बघवेना. तो तिच्याखाली शिरला, डोक्यावर घेतली, आणि "गच्चीवर वाळत टाकतो, काका!" म्हणत जिना चढायला लागला. वरून सेक्रेटरी पाणी निथळत उतरत होते. ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि वाट दिली. गादी त्यांच्यासमोरून खिदळत वर गेली. अधिकारात कितीतरी वर्षं काढली होती त्यांनी, पण दोन दोन पायऱ्या एका ढांगेत चढणारी गादी त्यांनी याआधी कधी पाहिली नव्हती.